जुन्या जिप्सीचे सस्पेन्शन : तपासणी, दुरुस्ती आणि उंचीचा प्रश्न

मारुती जिप्सी आणि विलीजच्या वंशातल्या महिंद्राच्या जुन्या जीप या गाड्या वेगवेगळ्या कारखान्यांतून आल्या, तरी त्यांच्या सस्पेन्शनची मूळ रचना एकच आहे. खाली जाड पोलादी चॅसिस, पुढे आणि मागे एकेक अखंड एक्सल आणि प्रत्येक चाकाच्या वाट्याला पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) एक संच. जिप्सी डिसेंबर 1985 मध्ये 970 सीसी इंजिन घेऊन आली, 1996 मध्ये तिला 1.3 लिटरचे इंजिन मिळाले आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. या साऱ्या काळात तिचे पाटे कायम राहिले. आज बाजारात मिळणारी प्रत्येक जिप्सी वापरलेली असते. काही लष्कराच्या लिलावातून येतात, काही अभयारण्यांतल्या सफारीतून, काही शेतावरून आणि काही रॅलीच्या मैदानातून. इंजिनाचा आवाज आणि पत्र्याचा गंज खरेदीच्या वेळी लक्षात येतो. सस्पेन्शनची झीज मात्र लगेच दिसत नाही, कारण ती डझनभर सांध्यांत थोडीथोडी वाटलेली असते.

अशी गाडी हाती आल्यावर पहिला खर्च बहुधा ती उंच करण्यावर आणि मोठे टायर बसवण्यावर होतो. मूळ झीज तशीच राहते आणि वाढलेल्या उंचीमुळे तिचे परिणाम आणखी जाणवतात. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी तपासणी, मग सांधे, मग पाटे, मग शॉक अॅब्सॉर्बर, मग स्टिअरिंग आणि अखेरीस, गरज असेल तरच, उंची.

रचना आणि काम

पाट्यांचा संच एकाच वेळी तीन कामे करतो. तो गाडीचे वजन पेलतो, एक्सलला जागच्या जागी धरून ठेवतो आणि पाटे एकमेकांवर घासल्यामुळे काही प्रमाणात हेलकावेही जिरवतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पहिल्या कामाला स्प्रिंग, दुसऱ्याला लोखंडी दांडे आणि तिसऱ्याला शॉक अशी विभागणी असते. पाट्यांच्या गाडीत ती नसल्यामुळे बिघडलेला पाटा एकाच वेळी बसकण, दिशा आणि आराम या तिन्हींवर परिणाम करतो.

संचातला सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेले डोळे असतात. एक डोळा चॅसिसला थेट बोल्टने जोडलेला असतो, तर दुसरा शॅकल नावाच्या हलत्या दुव्याने. पाटा दबला की सरळ होतो आणि त्याची लांबी वाढते. ती वाढ शॅकल झुलून सामावून घेतो. जिप्सी आणि विलीज या दोन्हींत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला आहेत. त्यामुळे पुढचे चाक उंचवट्यावर चढताना एक्सल किंचित पुढे, म्हणजे उंचवट्याच्याच दिशेने सरकतो आणि धक्का थोडा कडक बसतो. संचाच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट पाटे एकत्र ठेवतो. त्याचे डोके एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसते आणि एक्सलची जागा ठरवते. पाटे आणि एक्सल घट्ट आवळून धरण्याचे काम यू-बोल्टांचे.

जिप्सी कडक चालते ही तक्रार जुनी आहे आणि तिचे कारण वजनात आहे. रिकामी गाडी साधारण एक टनाची, पण तिने आणखी सुमारे अर्धा टन वाहणे अपेक्षित. पूर्ण भार पेलतील असे पाटे रिकाम्या गाडीत फारसे दबत नाहीत. वजनाखाली स्प्रिंग 250 मिलिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला सुमारे एक हेलकावा घेते आणि तो शरीराला सुखाचा वाटतो. ती 100 मिलिमीटरच दबत असेल तर हाच आकडा सुमारे 1.6 वर जातो आणि प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. ताडोबासारख्या ठिकाणी चालक, मार्गदर्शक आणि सहा पर्यटक बसलेली जिप्सी रिकाम्या जिप्सीपेक्षा मऊ चालते, ती यामुळेच.

तपासणी

तपासणीची सुरुवात मोजमापाने होते. गाडी सपाट जागी उभी करून, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजतात. पत्रा ठोकून-रंगवून झालेला असू शकतो, म्हणून चॅसिस आणि एक्सल यांच्यातले अंतरही नोंदवतात. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक निघाला तर एका बाजूचे पाटे बसले आहेत किंवा एखादा तुटला आहे असे समजावे. भारतात चालक आणि स्टिअरिंग उजवीकडे असल्याने उजवी बाजू आधी बसलेली आढळते.

दुसरे माप पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले. हे अंतर दोन्ही बाजूंना सारखे हवे. जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिलिमीटर आहे. एका बाजूला तो कमी-जास्त भरला तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलेला असण्याचा किंवा चॅसिस वाकलेली असण्याचा संभव असतो. अशी गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते आणि कितीही अलाइनमेंट केले तरी सुधारत नाही.

यानंतर गाडी जॅकने उचलून चॅसिसखाली भक्कम स्टँड लावतात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, कारण दाबलेल्या पाट्यांत साठलेली शक्ती बोल्ट सुटताच मोकळी होते. एक्सलला वेगळ्या जॅकचा आधार दिला की पाट्यांवरचा ताण हवा तसा कमी-जास्त करता येतो. लांब पहारीने शॅकल, डोळे आणि शॉकची टोके हलवून पाहिली की सांध्यांतल्या सैल बुश लगेच उघड्या पडतात. पाट्यांवर सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि डोळ्यांच्या मुळाशी बारीक भेगा शोधाव्यात. दोन पाट्यांच्या फटीतून गंजाची ताजी तांबूस रेघ दिसली, तर तिथला पाटा तुटलेला असू शकतो.

सर्वांत महत्त्वाची तपासणी चॅसिसची. शॅकल आणि पाट्यांचे आधार जिथे चॅसिसला जोडलेले असतात तिथे चिखल साठतो, ओल टिकते आणि पोलाद आतून खाल्ले जाते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांत हा भाग हातोडीने ठोकून पाहणे आवश्यक आहे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आधी चॅसिसचे वेल्डिंग करायचे. नवे पाटे त्यानंतर.

बुश आणि शॅकल

सस्पेन्शनच्या कामात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक पडतो तो बुश बदलल्याने. जिप्सीच्या पाट्यांच्या डोळ्यांत रबरी बुश असतात. त्या कालांतराने कडक होतात, फाटतात किंवा एका बाजूला झिजून अंडाकार होतात. मग एक्सल काही मिलिमीटर पुढे-मागे सरकू लागतो आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

जुने बोल्ट काढणे हाच या कामातला खरा कष्टाचा भाग असतो. गंजामुळे ते बुशच्या आतल्या नळीत जाम होतात. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी मारून ठेवणे, उष्णता देणे आणि शेवटी बोल्ट कापून काढणे हा त्याचा नेहमीचा क्रम. कापलेल्या किंवा आटे गेलेल्या बोल्टच्या जागी त्याच दर्जाचा नवा बोल्ट हवा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा मऊ बोल्ट इथे चालत नाही.

नवी रबरी बुश बसवताना एक नियम वारंवार मोडला जातो. गाडी उचललेली असताना, पाटे लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्याच स्थितीत पकडले जाते. गाडी खाली आली की ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी हलके लावून, गाडी चाकांवर उभी करून, थोडी हलवून मगच पूर्ण आवळावेत.

पॉलियुरेथेनच्या बुश जास्त टिकतात आणि एक्सलला घट्ट धरतात, पण रस्त्याची थरथर चॅसिसपर्यंत जास्त पोहोचवतात आणि योग्य ग्रीस नसेल तर कुरकुरतात. रबर सर्व दिशांना थोडे वाकते, म्हणून खडकाळ वाटेवर पाट्याला पीळ पडतो तेव्हा ते जास्त सोशिक ठरते. रोजच्या वापराच्या गाडीला चांगल्या प्रतीचे रबर पुरेसे आहे. विलीजच्या मूळ रचनेत रबराऐवजी आट्यांचे शॅकल आणि धातूच्या बुश असतात. त्यांना ग्रीसची निप्पल असते आणि काही शॅकलचे आटे उलटे असतात. ते ओळखल्याशिवाय जोर लावला तर आटेच जातात. अशा शॅकलमध्ये जुने, काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस भरणे ही नियमित देखभाल आहे.

पाटे

बसलेल्या पाट्यांवर तीन उपाय केले जातात : पुन्हा कमान देणे, पाटा वाढवणे किंवा कमी करणे, आणि संच बदलणे.

थंड पाटा ठोकून पुन्हा कमान देण्याचे काम महामार्गांवरच्या पाट्यांच्या दुकानांत सर्रास होते. गाडी त्याच दिवशी उंच दिसते, पण पोलादाची थकलेली अवस्था बदलत नाही आणि कमान हळूहळू पुन्हा उतरते. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवणे तर धोक्याचे आहे, कारण तापलेल्या जागेचे पाणी उतरते आणि पाटा नेमका तिथेच बसतो किंवा तुटतो. पाटा नीट तयार करायचा तर तो भट्टीत साधारण 850 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आकार द्यावा लागतो, तेलात विझवावा लागतो आणि नंतर 400 ते 500 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. ही सोय असलेल्या ठिकाणीच जुना संच दुरुस्त करण्यात अर्थ आहे.

पाटे कमी-जास्त करण्यामागचे गणित सोपे, पण फसवे आहे. संचाचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या सम प्रमाणात वाढतो, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. 6 मिलिमीटरऐवजी 7 मिलिमीटर जाडीचा पाटा घातला तर तो एकटा सुमारे 59 टक्के जास्त कडक होतो. लांबीचा परिणाम उलटा : पाटा 10 टक्के लांब केला तर कडकपणा सुमारे 25 टक्क्यांनी उतरतो. म्हणून दुसऱ्या गाडीचा ‘जवळपास तसाच’ पाटा घुसवण्याचा परिणाम डोळ्यांना दिसणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आरामासाठी जिप्सीच्या संचातला एखादा पाटा काढणे ही प्रचलित युक्ती आहे. एक-दोन माणसे आणि थोडेसे सामान नेणाऱ्या गाडीत ती काही अंशी चालते. पण त्यामुळे गाडी खाली बसते, उरलेल्या पाट्यांवरचा ताण वाढतो आणि भार टाकल्यावर एक्सल रबरी थांब्यांवर आदळू लागतो. सफारीच्या किंवा माल वाहणाऱ्या गाडीत पाटा काढणे अयोग्य आहे. त्याऐवजी संच उघडून, प्रत्येक पाटा घासून स्वच्छ करून, टोकांच्या कडा गुळगुळीत करून आणि मध्ये ग्रॅफाइट किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या देऊन पुन्हा बांधला, तर वहनशक्ती न घटवताही चाल मऊ होते. अनेक जुन्या गाड्यांचा कडकपणा पाट्यांचा नसून त्यांच्यामधल्या गंजाचा असतो. पाट्यांवर जळके ऑइल ओतण्याची जुनी पद्धत मात्र सोडावी. ते रबरी बुशवर उतरते, रबर फुगवते आणि वर धूळ धरून ठेवते.

संच बदलायचा तर एका एक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत. नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट घ्यावेत, कारण एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितकाच घट्ट राहील याची खात्री नसते. चार नट आलटूनपालटून, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जात आवळावेत आणि टॉर्क रेंचने उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत न्यावेत. पाटे एकमेकांवर बसले की यू-बोल्ट थोडे सैल पडतात, म्हणून साधारण 500 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासणे हा कामाचाच भाग आहे. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो आणि तिथून पुढचे सारे बिघाड सुरू होतात.

शॉक अॅब्सॉर्बर

शॉक गाडीचे वजन पेलत नाही. पाट्यांनी साठवलेली शक्ती तेल बारीक छिद्रांतून ढकलून उष्णतेत बदलणे एवढेच त्याचे काम. म्हणून बसलेल्या गाडीला नवे शॉक बसवून ती उंच होण्याची अपेक्षा चुकीची आहे.

गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची ओळखीची परीक्षा पाट्यांच्या गाडीत फारसे सांगत नाही, कारण गंजलेले पाटेच हेलकावा थांबवतात. शॉक काढून, उभा धरून, दांडा पूर्ण आत-बाहेर करणे हीच विश्वासाची परीक्षा. मध्येच मोकळी जागा लागली, तेल गळत असले किंवा दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असले तर तो बाद. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणाचा वाटा लक्षात घेऊनच या गाड्यांचे शॉक बेतलेले असतात. पाटे स्वच्छ आणि मोकळे केले की जुने, दमलेले शॉक अचानक अपुरे वाटू लागतात.

साध्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये खडबडीत रस्त्यावर सतत चालल्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि पकड कमी होते. वायूचा दाब दिलेल्या शॉकमध्ये हे बरेच टळते. एकाच नळीचे, वायू भरलेले शॉक उष्णता लवकर बाहेर टाकतात, पण बाहेरून दगड लागून नळीला पोचा पडला तर लगेच निकामी होतात. निवडीत लांबी सर्वांत महत्त्वाची. एक्सल पूर्ण वर गेल्यावर शॉक तळाशी आदळता कामा नये आणि पूर्ण खाली लोंबल्यावर तोच गाडीला धरून ठेवणारा दोर बनता कामा नये.

पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग

अखंड पुढच्या एक्सलच्या गाड्यांत ठराविक वेगाला, विशेषतः एखाद्या खड्ड्यानंतर, स्टिअरिंग जोरजोरात थरथरू लागते आणि वेग उतरल्याशिवाय थांबत नाही. हा दोष एका भागाचा क्वचितच असतो. टायरचा असमतोल, सैल व्हील बेअरिंग, झिजलेले टाय रॉडचे टोक, फाटलेल्या बुश आणि किंगपिनच्या (ज्यावर चाक वळते त्या खिळ्याच्या) बेअरिंगवरचा अपुरा दाब यांची ती बेरीज असते. किंगपिनचा दाब पातळ पत्र्यांच्या शिमने ठरवतात आणि चाकाचा नकल फिरवायला लागणारे बळ स्प्रिंग-काट्याने मोजतात. स्टिअरिंग डॅम्पर बसवून थरथर दाबता येते, पण कारण तसेच राहते. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून बाकीची ढिलाई लपवण्याचा प्रयत्न तर बॉक्सचेच नुकसान करतो.

अशा एक्सलवर अलाइनमेंटमध्ये सहज बदलता येणारी गोष्ट एकच : टाय रॉडची लांबी कमी-जास्त करून चाकांचा टो, म्हणजे त्यांच्या पुढच्या कडांचा आत-बाहेरचा कल. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, एक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडला असेल तर किंगपिनचे बेअरिंग गेले आहे किंवा एक्सल वाकला आहे. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, पाटे आणि एक्सल यांच्यात निमुळती पाचर घालून बदलता येतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर संशय या कोनावर घ्यावा.

उंचीचा प्रश्न

सर्व सांधे घट्ट झाल्यावर आणि पाटे मूळ उंचीवर आल्यावर बऱ्याच गाड्यांना आणखी उंचीची गरज उरत नाही. तरीही हवी असेल तर मार्ग तीन आहेत.

लांब शॅकल हा स्वस्त मार्ग. शॅकलची लांबी जितकी वाढते त्याच्या निम्मी उंची मिळते. पण जिप्सीसारखे पुढचे शॅकल पुढच्या टोकाला असतील, तर त्यांच्या लांबीमुळे एक्सल पुढे झुकतो, कॅस्टर घटतो आणि गाडी भरकटू लागते. जास्त कमानीचा पूर्ण संच हा दुसरा मार्ग. तो खर्चिक असला तरी भूमिती जास्त सांभाळतो. तिसरा मार्ग एक्सलखाली असलेले पाटे एक्सलवर आणण्याचा. जिप्सीत त्याने साधारण पाच इंच उंची मिळते. मात्र त्यासाठी एक्सलच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. प्रॉपेलर शाफ्टचे कोन वाढतात, ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात, स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी ड्रॅग लिंक तिरकी होऊन प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून वळते आणि जोर लावल्यावर एक्सल फिरून पाटे ‘एस’च्या आकारात पिळतात. या प्रत्येकावर वेगळा उपाय न केल्यास ही रचना रस्त्यावर असुरक्षित ठरते. गुरुत्वमध्य वर गेल्याने अरुंद गाडी उताराच्या आडव्या वाटेवर लवकर कलते, हा धोका तिन्ही मार्गांत आहे.

सर्वच जुन्या गाड्या पाट्यांच्या नाहीत. 1998 मध्ये आलेल्या टाटा सफारीत पुढे टॉर्शन बार आणि मागे कॉइल स्प्रिंग आहेत. टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून पुढची उंची वाढवता येते, पण त्याने बार अधिक कडक होत नाही. चाकाचा खाली लोंबण्याचा प्रवास मात्र कमी होतो आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. कॉइल स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर न वापरणे जीवघेणे ठरू शकते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्हींची तरतूद आहे. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत 15 वर्षांनी संपते आणि नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासली जाते. जुनी गाडी घेणाऱ्याला ही तपासणी टळत नाही. झिजलेल्या बुश, पाटे आणि शॉक यांच्या जागी त्याच मापाचे नवे भाग बसवणे ही दुरुस्ती आहे आणि तिला कोणतीही आडकाठी नाही.

मर्यादित पैशांत काम करायचे असल्यास क्रम असा ठेवावा : चॅसिसचे वेल्डिंग, बुश आणि शॅकल, यू-बोल्ट व सेंटर बोल्ट, पाट्यांची सफाई किंवा बदल, शॉक, मग टाय रॉडची टोके व किंगपिन आणि शेवटी अलाइनमेंट. एवढे झालेली मूळ उंचीची जिप्सी सैल सांध्यांच्या उंच जिप्सीपेक्षा सह्याद्रीच्या कोणत्याही वाटेवर जास्त भरवशाची ठरते.